गळ्यामागची गाठ

जगातली प्रत्येक गोष्ट गाठीवर टिकून आहे, असं सुतळीसाहेबांचं ठाम मत होतं. बूट, पाळणा, होडी, संसार, सगळं. "लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधतात म्हणे," ते सांगत, "तिथल्या कामाची आपण खात्री देत नाही. पण ह्या हातांनी मारलेली गाठ आजवर सुटलेली नाही." ह्यात खोटं काही नव्हतं. त्यांची गाठ खरोखरच सुटत नसे. पार्सल मिळालेल्या माणसाला ती कात्रीने, सुरीने, क्वचित दाढेने तोडावी लागे. पण तो माणूस दुसऱ्या गावी असल्यामुळे त्याचं मत साहेबांपर्यंत पोचत नसे.

सुतळीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते एका मोठ्या कचेरीच्या पार्सल खात्यात होते. खात्यात चिकटपट्टी येऊन जमाना झाला, तरी ह्यांच्या टेबलाच्या खणात सुतळीचा गुंडा होताच. चिकटपट्टीला ते 'मलमपट्टी' म्हणत आणि तिला हात लावत नसत. सुतळीसाहेब हे नाव त्यांना सहकाऱ्यांनी दिलं होतं, आणि सगळी चेष्टा वजा करून उरलेला मान त्यांनी मनापासून स्वीकारला होता.

घरी मात्र ह्या विद्येला वाव नव्हता. घरी राज्य बायकोचं, आणि ते मण्यांचं. जेवणाच्या अर्ध्या टेबलावर बरण्यांची झाकणं मांडलेली असत आणि प्रत्येक झाकणात वेगळ्या मापाचे, वेगळ्या रंगाचे मणी. त्यांच्या ती माळा ओवी, कानातली करी. उरल्यासुरल्या कापडाचे बटवे शिवी आणि त्यांच्या तोंडाशी मण्यांची झालर लावी. साहेबांनी उरलेल्या अर्ध्या टेबलावर जेवायचं आणि मोहरी समजून मणी चावायचा नाही, एवढाच नियम होता. तोही त्यांनी दोनदा मोडला होता.

समोरच्या इमारतीतल्या गाणाऱ्या बाईंनी शनिवारच्या कार्यक्रमासाठी बायकोकडून एक माळ करून घेतली होती. पुष्कळ पदरांची, दोन्ही खांद्यांवर रुळणारी. सगळे पदर मानेमागे एकत्र येत, आणि तिथे तंगुसाची, म्हणजे त्या काचेसारख्या नायलॉनच्या दोऱ्याची, एकच गाठ. माळ पुरी होत आली आणि नेमकं गॅसवर दूध वर आलं. बायकोने दोऱ्यांची टोकं साहेबांच्या हातात दिली.

"धरा जरा. फक्त धरा."

"फक्त धरायला मी काय खुंटी आहे?"

ती दूध उतरवून आली तोवर काम झालं होतं.

"घे," साहेब म्हणाले. "आता ह्याला म्हैस बांधलीस तरी चालेल."

बायको गाठ बराच वेळ निरखत राहिली. साहेबांनी ते कौतुक समजून ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून परतले, दाराशी बूट काढू लागले आणि आतून बायकोचा आवाज ऐकू आला. ती धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होती.

"गाठ आहे गं. मागे, मानेपाशी... आधी काही नव्हतं, आता बघते तर ही एवढी, वाटाण्याएवढी... टणक म्हणजे दगड. मान वळवली की टोचते... तेल लावून पाहिलं, काही उपयोग नाही... कापायची भीती वाटते. कापली तर सगळंच संपलं बघ... हो, शनिवारच्या आत काय ते करायला हवं... छे छे, ह्यांना एक अक्षर बोलू नकोस. खचतील बिचारे."

सुतळीसाहेब एक बूट हातात घेऊन चपलांच्या स्टँडवर बसले. स्टँड माणसासाठी केलेला नव्हता. त्याने तसं करकरून सांगितलंही, पण साहेबांना काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंना गाठी मारणाऱ्या माणसाच्या घरातच ती निघावी! आणि बिचारी ते एकटीच सोसते आहे. आपण खचू नये म्हणून.

तेव्हा खचायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. कळल्याचं दाखवायचंही नाही. ते आत गेले आणि बायकोला म्हणाले, "तू बस. चहा मी करतो."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या एका पायात बूट होता.

"अहो, कचेरीत काही झालं का?"

"कचेरी गेली खड्ड्यात."

"म्हणजे? नोकरी..."

"नोकरीचं काय घेऊन बसलीस? आज आहे, उद्या नाही. माणूस महत्त्वाचं."

बायको सावकाश खुर्चीत टेकली. एवढ्या वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून सुतळीखेरीज दुसरं काही महत्त्वाचं असल्याचं तिने ऐकलं नव्हतं. गेली नोकरी, तिने ताडलं. आणि सांगायचा धीर होत नाहीये. तिनेही ठरवलं की आपण होऊन विषय काढायचा नाही. उगाच खचतील.

त्यानंतर त्या घरात जितकी शांतता आणि जितका चहा झाला, तितका पूर्वी कधी झाला नव्हता. साहेबांनी भांडी घासली. पडद्यांवरची धूळ झटकली. बायको कानातली पोचवायला खाली गेली, तेवढ्यात तिच्या डोक्याचा ताप कमी करावा म्हणून त्यांनी टेबलही आवरलं. सगळ्या झाकणांतले सगळे मणी त्यांनी एका मोठ्या बरणीत ओतले, बरणी पुसली आणि मधोमध ठेवली.

बायको आली. तिने बरणी पाहिली. बारीक मणी, टपोरे मणी, लाल, निळे, सोनेरी, सगळे एकमेकांत मिसळून सुखाने बसले होते. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. एरवी ह्या गुन्ह्याची शिक्षा शेजाऱ्यांनाही ऐकू गेली असती. पण नोकरी गेलेल्या माणसाला काय बोलायचं?

"छान केलंत हो," ती म्हणाली.

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. बायको ओरडली नाही. म्हणजे दुखणं फारच पुढे गेलंय.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचल्या पोचल्या त्यांनी मेहुणीला फोन लावला.

"मला सगळं कळलंय," ते म्हणाले.

"कळलं ना? बरं झालं, भाऊजी," मेहुणीने सुस्कारा सोडला. "ताई उगाच जिवाला घोर लावून घेतेय. मी म्हटलं, कापून मोकळी हो. त्यात काय मोठंसं?"

"कोणाकडे कापायची?"

"कोणाकडे म्हणजे? मी आहे ना. माझ्याकडे नखं कापायची कात्री आहे, बारीक टोकाची. घेऊन येते संध्याकाळी."

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घरी? नखं कापायच्या कात्रीने?"

"मग काय दवाखान्यात न्यायची? उजेडात धरायची आणि कच्. फार तर ताईला पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"पुन्हा पहिल्यापासून?" साहेबांना पुनर्जन्माखेरीज दुसरा अर्थ सुचेना.

"आणि खरं सांगू? राग मानू नका. पण ही गाठ तुमच्यामुळे आहे."

"माझ्यामुळे?"

"मग कोणामुळे? तिने नको नको म्हटलं तरी तुम्ही कधी ऐकलंत का?"

साहेबांनी फोन ठेवला आणि संसाराकडे मागे वळून पाहिलं. नको नको म्हटलं तरी काय काय केलं होतं आपण? नको म्हटलं तरी घोरलो. नको म्हटलं तरी तिच्या माहेरच्या माणसांना सुतळीचे प्रकार समजावून सांगितले. नको म्हटलं तरी फिरायला जाताना तिची पेटी अशी बांधली की सहल संपेपर्यंत ती उघडली नाही आणि बिचारीने सगळे दिवस एकाच साडीत काढले. सगळं साठत गेलं असणार. साठून साठून त्याची गाठ झाली.

मेहुणीची कात्री यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी त्याच दुपारची एका नावाजलेल्या सर्जनची वेळ घेतली, सुट्टी टाकली आणि भरदुपारी घरी येऊन बायकोला म्हणाले, "मला जरा एका डॉक्टरांकडे जायचंय. सोबत येशील?"

ही थाप आपल्याला बरी साधली असं त्यांना वाटलं. बायकोला वाटलं, नोकरी गेली ती गेली, आता तब्येतही चालली. दुपारीच घरी आलेत. तिने एक शब्द न विचारता चपला घातल्या आणि माळ बटव्यात टाकून बरोबर घेतली. बाकावर बसल्या बसल्या टाचणीने गाठ सुटली तर सुटली.

दवाखान्याच्या बाकावर ती मान खाली घालून काहीतरी टोकरत राहिली. साहेब तिच्याकडे बघायचं टाळत होते. शेवटपर्यंत हातातलं काम सोडत नाही माऊली, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि ते भिंतीवरचं आतड्याचं चित्र फार लक्ष देऊन वाचू लागले.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कोण?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं आधी ठरू द्या."

"डॉक्टर," साहेबांचा आवाज फाटला, "हिला गाठ आहे. मानेमागे. दगडासारखी. ही मला सांगत नाही, पण मी ऐकलंय. काय लागेल ते करा, पण नखं कापायच्या कात्रीने कापू देऊ नका."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मग सावकाश बटवा उघडला, माळ बाहेर काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"ही," ती म्हणाली. "ही गाठ."

साहेबांनी माळेकडे पाहिलं. बायकोच्या मानेकडे पाहिलं. पुन्हा माळेकडे. मग त्यांच्या गुडघ्यांतली सुतळी कोणीतरी ओढून घेतल्यासारखे ते मटकन तपासणीच्या खाटेवर बसले.

"तुला काही नाही?"

"मला काय होतंय? ढीग मणी निवडायचे पडलेत." मग तिच्या लक्षात आलं. "आणि तुमची नोकरी?"

"नोकरीला काय झालंय?"

"गेली नाही?"

"मला कशाला काढतील?" ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून नाकच नव्हे, तर सगळा चेहरा पुसू लागले.

डॉक्टरांनी तोवर चष्मा चढवून माळ उजेडात धरली होती. टाके घालताना नायलॉनच्या दोऱ्याशी त्यांचा रोजचा संबंध होता.

"कोणी मारली ही?"

रुमालाआडून, इतक्या सगळ्यानंतरही, जरा ऐटीतच उत्तर आलं. "मी."

"ही गाठ नाही," डॉक्टर म्हणाले. "गुंता आहे."

त्यांनी दोन बारीक चिमटे घेतले, एक टोक धरलं, दुसरं खालून काढलं, आणि ती वाटाण्याएवढी वस्तू नाहीशी झाली. मग त्यांनी स्वतःच पदर एकत्र घेऊन नवी गाठ मारली. ती कुठे आहे हे बोट फिरवून शोधावं लागत होतं.

"किती नाजूक," बायको म्हणाली.

साहेबांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. बायको ठणठणीत होती. तिने जगातल्या वाटेल त्या माणसाच्या गाठीचं कौतुक करावं.

परतताना बटवा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. बरंच अंतर गेल्यावर बायको म्हणाली, "एवढं वाटतं होय तुम्हाला?"

"कशाचं?"

"राहू द्या." थोडं पुढे जाऊन ती कडाडली, "घरी गेल्यावर ती बरणी घेऊन बसायचं. मापाप्रमाणे आणि रंगाप्रमाणे. चहा नको."

ती ओरडत होती. साहेबांना फार बरं वाटलं.

शनिवारी गाणाऱ्या बाईंनी माळ घातली. मान वळवली, ताना घेतल्या, काही टोचलं नाही. मेहुणीने कात्रीने स्वतःची नखं कापली.

आणि सोमवारी सुतळीसाहेबांनी कचेरीत एक पार्सल चिकटपट्टीने बंद केलं. व्यवस्थित चिकटलं.