कपाटाच्या फॉर्मवर घेतलेले फोर्क

"फोर्क मी निवडतो," असं मी म्हणालो आणि बायकोने हातातली कपबशी हळूच खाली ठेवली.

लग्नाला एकोणीस वर्षं झालीत. मी "अमुक मी निवडतो" म्हटलं, की हातात फुटण्यासारखं जे काही असेल ते ती आधी खाली ठेवते. (अनुभव, दुसरं काय! व्यायामाचा सेटही मीच निवडला होता. नव्वद किलोच्या लोखंडी चकत्या आणि एक दांडा. चकत्यांवर टेकवलेल्या दांड्यावर सध्या टॉवेल वाळतात.)

फोर्क म्हणजे जेवायचे नव्हेत हं. बायकोची रोपवाटिका आहे. कुंड्या लाकडी पॅलेटवर, म्हणजे खालून पोकळ असलेल्या फळ्यांच्या चौकटीवर रचायच्या, ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला, म्हणजे वरखाली होणाऱ्या लोखंडी हातांना, लावलेले दोन लोखंडी काटे त्या पोकळीत घालायचे आणि सगळा पसारा एका दमात उचलून ट्रकमध्ये ठेवायचा. ट्रॅक्टर आमच्याकडे होता. छोटासा, दोन रांगांमधून अंग चोरून जाणारा. काटे मात्र नव्हते. इतकी वर्षं काट्यांचं काम बायकोची कंबर करत होती आणि त्या कंबरेने आता राजीनामा दिला होता. "यापुढे एकही कुंडी उचलायची नाही," असं डॉक्टरांनी खडसावून सांगितलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच ऑर्डर आली. नव्या हॉस्पिटलच्या बागेसाठी आठशे कुंड्या. शनिवारी सकाळी दहाला ट्रक येणार, एक वाजता निघणार. माल वेळेत गेला तर त्यांच्या सगळ्या इमारतींच्या बागांचं वर्षभराचं काम तिला.

"आणि नाही गेला तर?" मी विचारलं.

"तर वाटिका बंद," ती शांतपणे म्हणाली. "हाताने उचलणं आता माझ्याच्याने होणार नाही. हे जमलं तर पुढे काही आहे."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. ती शांतपणे बोलली, म्हणून मी उठून कॅलेंडरवरच्या शनिवारभोवती लाल गोल केला. गुलाबाच्या चार काड्यांपासून तिने हे सगळं उभं केलं होतं. या वेळी तरी तिच्यासाठी काहीतरी चोख करून दाखवायचं, असं मी मनाशी पक्कं ठरवलं.

आता, मी ऑफिसात खरेदी विभागात आहे. आमच्याकडे टाचणी घ्यायची झाली तरी तुलनात्मक तक्ता लागतो. मी एक कोरा फॉर्म घरी आणला. तो होता स्टीलच्या कपाटांचा (खरेदी विभागात दुसरा फॉर्म शिल्लक नव्हता). त्यात रकाने होते: पत्र्याची जाडी, वजन, रंगाचा दर्जा, कुलूप व दोन किल्ल्या. 'कुलूप व दोन किल्ल्या' मी पट्टी लावून खोडलं. बाकीचं सगळं फोर्कना चपखल लागू होतं, असं माझं मत झालं. वजनाचा नियमही फॉर्मवर छापलेला होता: जितकं जास्त, तितके गुण जास्त. हलकं कपाट म्हणजे पातळ पत्रा, हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक आहे.

दुकानदाराने फॉर्म पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला.

"साहेब, ट्रॅक्टर केवढा आहे?"

"तो रकाना यात नाही."

"तरी पण?"

"लहान आहे."

"मग हे घ्या. आखूड, हलके. पंच्याऐंशी किलो."

"आणि ते पलीकडचे?"

"ते नको. लांब आहेत, जड आहेत. एकशे नव्वद किलो. मोठ्या ट्रॅक्टरचे."

'लांब, जड' असं मी लगेच गुणांच्या रकान्यात लिहून घेतलं.

"अहो साहेब, काटे जितके लांब तितकं ओझं पुढे जातं. लहान ट्रॅक्टर तोंडावर पडेल!"

"आणि उद्या धंदा वाढला तर?"

"तर आधी ट्रॅक्टर वाढवा, मग काटे."

पण तक्त्यात लांब फोर्कना शंभरपैकी ब्याण्णव गुण पडले होते आणि आखूड फोर्कना एक्केचाळीस. नापास झालेला माल घरी न्यायचा? दुकानदार हात जोडून म्हणाला, "न्या. आमच्या सगळ्या लोडरच्या हुकात दोन्ही बसतात. पटले नाहीत तर परत घेईन, फक्त जसेच्या तसे आणा."

जसेच्या तसे! मी शेजारच्या वेल्डरकडून फोर्कच्या आडव्या चौकटीवर उठावदार अक्षरांत बायकोचं नाव वेल्ड करून घेतलं. वर पोपटी रंग मारला. म्हटलं, एकोणीस वर्षांत आपण हिचं नाव कुठे काढलंय?

शुक्रवारी दुपारी चाचणी ठरली. आई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. (मी काही नवीन आणलं, की ती खुर्ची टाकूनच बसते.) स्वतःचं नाव पाहून बायकोचे डोळे जरा ओलावले. मग तिची नजर काट्यांच्या टोकापर्यंत गेली. ती जातच राहिली.

"अहो, हे जरा मोठे नाहीत?"

"ब्याण्णव गुण आहेत," मी म्हणालो आणि सीटवर चढलो. एरवी ट्रॅक्टर तीच चालवते. पण उद्घाटन माझं होतं.

पन्नास कुंड्यांचं पॅलेट समोर होतं. काटे आत गेले. मी लिव्हर ओढला. पॅलेट उचललं गेलं! मी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं, तर जमीन नेहमीपेक्षा बरीच खाली दिसत होती.

"मागची चाकं!" बायको ओरडली. "मागची चाकं उचलली!"

"पॅलेटपण उचललंय!" मीही ओरडलो.

"लिव्हर खाली करा! अहो, तो नाही, तो हॉर्न आहे!"

हॉर्न वाजवत मी तोंडावर झुकलेल्या ट्रॅक्टरवर लोंबकळत होतो. शेवटी तिनेच बाजूने हात घालून लिव्हर खाली दाबला. धप्पकन चाकं टेकली. सहा कुंड्या फुटल्या, माझा चष्मा झेंडूत गेला.

"अगंबाई, इतक्यात खाली आला का?" आईने विचारलं. तिला वाटलं, ट्रॅक्टर असाच चालतो.

बायको एका पालथ्या कुंडीवर बसली. "गेली माझी ऑर्डर," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खिशातून फॉर्म काढून तिच्या हातात दिला. लपवून काय करणार होतो? तिने वाचला. वरचं 'स्टील कपाट (मोठे)' वाचलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपणहून झेंडूतला चष्मा शोधायला गेलो.

फोर्क परत देऊन आखूड आणावेत, तर दुकानदार फोनवर म्हणाला, "साहेब, वहिनींच्या नावाचं दुसरं गिऱ्हाईक मी कुठून आणू?" आखूड जोडी हवीच असेल तर मिळेल, पण आता सोमवारी. शेवटी आमचा मेकॅनिक आला. त्याला सगळे 'पाना' म्हणतात. त्याने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली.

"वहिनी, ट्रॅक्टरची ताकद पुरते. पण पुढे एवढं जड झालं, तर मागेही वजन पाहिजे. माझ्याकडे मागे अडकवायचा लोखंडी ड्रम आहे. तो देतो. त्यात दोनशे किलो भरा. घट्ट बसेल असंच भरा, मातीबिती नको, मागून गळत जाईल. आणि साहेब, पाय खाली घ्या. माणूस बसवायचा नाही, जीव जाईल."

(मी चढायच्या बेतात होतो हे खरं आहे.)

"दोनशे किलो लोखंड एवढ्यात कुठून आणायचं?" मी म्हणालो.

बायको ताडकन उठली. "घरात आहे की!"

आणि तिने पाढे म्हणावेत तशी यादी म्हणायला सुरुवात केली. व्यायामाच्या चकत्या, नव्वद किलो. ऑफिसच्या लिलावात मी घेतलेले दोन टाइपरायटर (एकाला 'क' नाही, दुसऱ्याला फक्त 'क' आहे), तीस किलो. नंबर विसरल्यामुळे कधीच न उघडलेली छोटी तिजोरी, पंचेचाळीस किलो. मासे नसलेल्या फिश टँकचे गोटे, पोत्यात बांधून, पस्तीस किलो. माझ्या खरेदीची आठवण काढताना तिचा चेहरा असा फुललेला मी प्रथमच पाहत होतो.

"झाले की दोनशे!" आई टाळी वाजवून म्हणाली. "बघ, माझा मुलगा किती दूरचा विचार करून घेतो!"

पाना आणि मी सगळं वाहून ड्रममध्ये भरलं. व्यायामाचा सेट घेतल्यापासून मी त्या चकत्या पहिल्यांदा उचलल्या. संध्याकाळी माझ्याच कंबरेला शेक द्यावा लागला.

शनिवारी दहाला ट्रक आला. बायको सीटवर बसली. पहिलं पॅलेट उचललं आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले, तेव्हा ते ट्रकमध्ये होतं आणि मागची चाकं जमिनीवर होती. दुसरं गेलं, तिसरं गेलं. ड्रममधून टाइपरायटर अधूनमधून 'टिंग' करत होता. फुटलेल्या कुंड्यांच्या जागी सहा नव्या ठेवून सोळावं पॅलेट पावणेएकला चढलं. त्या पावणेतीन तासांत ती एकदाही वाकली नाही. हॉस्पिटलच्या बागेचे साहेब स्वतः आले होते. ते तिला म्हणाले, "बाई, पुढच्या सोमवारपासून दुसऱ्या इमारतीचं बघू." ती माझ्याकडे पाहून हसली. मी उगाच एक कुंडी पुसत राहिलो.

दोनच दिवसांनी, सोमवारी, ती एकटी जाऊन दहा मिनिटांत आखूड फोर्क घेऊन आली. माझ्या फोर्कनाही काम मिळालं. पान्याने त्यांना दोन हुक जोडले आणि आता ते ड्रमच्या जागी ट्रॅक्टरच्या मागे, पोपटी रंगात, बायकोचं नाव मिरवत वजन म्हणून लटकतात. व्यायामाचा सेट घरी परतला. टॉवेलांची सोय झाली.

माझा तो फॉर्म बायकोने रोपवाटिकेच्या दारात फ्रेम करून लावलाय. गिऱ्हाइकं वाचतात आणि माझ्याकडे बघतात. मी खोडलेला रकाना तेवढा तिने पुन्हा चालू केलाय. 'कुलूप व दोन किल्ल्या' याच्यापुढे तिच्या सुबक अक्षरात लिहिलंय: "कुलूप यांच्या खरेदीला. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे."