गिटारपुढून कोणी उठायचं नाही

श्रीरंग बोकाऱ्यांनी मंडळाच्या बैठकीत शालिग्राम तिजाऱ्यांशी लागलेल्या पैजेवर आपला रेडिओ लावला, आणि ते घरी पोचायच्या आत ही बातमी त्यांच्या बायकोपर्यंत पोचली.

"काहून लावला?" हेमलताबाईंनी त्यांना दारातच गाठलं. "आणि विचारलं कोणाला? रेडिओ माझ्या बाबांनी दिलेला आहे."

"अगं, लावला म्हणजे हरलो थोडाच? जिंकून राहिलो मी."

"लढाईचे दिवस आहेत. मोहल्ल्यातल्या साऱ्या बायका बातम्या ऐकायला आपल्याकडे येतात. उद्या काय मी त्या तिजाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहू?"

"बातम्या सोड," श्रीरंग कळवळून म्हणाले, "माझी गिटार जाईल!"

आता गिटार म्हणाल, तर श्रीरंगांकडे गिटार नव्हती. वाजवायचं म्हटलं तर त्यांना टाळीसुद्धा तालात वाजवता येत नसे. ते फॅक्टरीत तपासणी विभागात होते. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटलेलं ऐकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन कान रेडिओला लावायचा, हा त्यांचा नेम. गाणं सुरू झालं की बाकीची माणसं गाणाऱ्याकडे लक्ष देत. श्रीरंग दोन कडव्यांमधल्या जागेची वाट बघत बसत. तिथे गिटार आली की त्यांचा चेहरा इतका मऊ होई की माहेरी जायचं विचारायला हेमलताबाई नेमका तोच मुहूर्त धरत.

रेडिओवर गाणाऱ्याचं नाव सांगतात, लिहिणाऱ्याचं सांगतात, चाल लावणाऱ्याचं सांगतात. गिटार वाजवणाऱ्याचं मात्र कोणी सांगत नाही, याचा श्रीरंगांना मनस्वी राग होता. म्हणून आपल्या कानाच्या भरवशावर त्यांनीच वादकांचं बारसं केलं होतं. एक 'ओल्या बोटांचा', एक 'घाईचा', आणि सगळ्यांत लाडका तो 'दमेकरी', कारण तो सूर लावण्याआधी क्षणभर थांबतो. ही माणसं खरोखर तीन होती की एकाच माणसाच्या तीन तब्येती होत्या, हे देवालाच ठाऊक. पण श्रीरंग त्यांच्यासाठी भांडायला नेहमी तयार असत.

आणि गावातला लाडका म्हणजे रत्नाकर पिंपळखुटे. हा रेल्वेत बुकिंग क्लार्क. गिटार मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवरून सरकवत तो असा सूर ओढायचा की श्रीरंग म्हणत, "दमेकऱ्यानंतर हिंदुस्थानात रत्नाकरच, पण जबलपूरला कळेल तर शपथ!" रत्नाकर स्वतः मात्र महाभित्रा. कुकरची शिट्टी झाली तरी त्याच्या हातातली कांडी खाली पडायची.

जवानांच्या मदतीसाठी मंडळानं कार्यक्रम ठरवला, तेव्हा श्रीरंगांनी रत्नाकरचं नाव पुढे केलं. ब्लॅकआउट असल्यामुळे कार्यक्रम रविवारी भर दुपारी होता. मंडळाचे चिटणीस शालिग्राम तिजारे. दर कार्यक्रमात हे पेटी वाजवत, आणि लोक ती सोसत. त्यात लढाईमुळे ते वॉर्डात नागरी संरक्षणाचे वॉर्डनही झाले होते. लोखंडी टोपी आणि शिट्टी मिळाल्यापासून त्यांच्याशी साधं बोलणंही कठीण झालं होतं.

"गिटार?" शालिग्राम हसले. "बिजागरीला तेल घातलं नाही की आमच्या घरी पण वाजते ती. लोक उठून जातील जी."

"एक माणूस उठला, एक," श्रीरंग उसळले, "तर माझा रेडिओ तुमच्या घरी आणून देतो! पुन्हा गिटारचं नाव काढणार नाही!"

"आणि कोणीच नाही उठला, तर वर्षभर माझी पेटी मंचावर येणार नाही."

हे ऐकल्यावर बैठकीतल्या बऱ्याच जणांनी मनातल्या मनात श्रीरंगांना यश चिंतलं.

मग श्रीरंग कामाला लागले. सुटी होताच ते दारोदार फिरू लागले. लोकांना वाटलं, जवानांसाठी घोंगड्या मागायला आले. श्रीरंग मात्र चौकटीत उभे राहून गिटार कशी ऐकायची ते शिकवत.

"डोळे मिटायचे. सूर लांबत गेला की मान हलवायची. तो वर चढला की 'आहा' म्हणायचं. मधे बोलायचं नाही आणि काही झालं तरी उठायचं नाही."

"आणि लघवीला?" म्हाताऱ्या बापू सायरेंनी विचारलं.

"आधी करून यायची."

"माझा पाय मरतो हो बसून बसून."

"मरू द्या ना बापू. सीमेवर पोट्टे जीव देऊन राहिले, तुम्हाला पाय देववत नाही?"

शिवाय श्रीरंगांनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याच्या जलेबीची मोठी टोपली मागवली आणि ती दारापाशी झाकून ठेवली. जलेबी शेवटी मिळणार, आणि बसलेल्यालाच मिळणार. कलेवर त्यांचा विश्वास होता, पण रेडिओ सासऱ्यांचा होता.

रविवारी हॉल गच्च भरला. शालिग्राम टोपी मांडीवर घेऊन मंचाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. तोंड मात्र लोकांकडे आणि पाठ वादकाकडे. कोण उठतो ते त्यांना बघायचं होतं. गळ्यात शिट्टी, ओठांवर हसू. पहिल्या रांगेत श्रीरंग, त्यांच्या शेजारी हेमलताबाई. त्या जवानांसाठी स्वेटर विणत होत्या.

रत्नाकरनं पहिली धून वाजवली. चांगली वाजवली. लोकांनी शिकवल्याप्रमाणे डोळे मिटले. दुसरी धून जरा लांबली. मागे खोकला सुरू झाला, कोणी कूस बदलली. बापू सायरे गुडघ्यावर हात ठेवून अर्धे उठले. शालिग्राम खुर्चीत पुढे सरकले. श्रीरंगांनी वळून बापूंच्या कोटाचं टोक धरलं आणि त्यांना खाली ओढलं.

"अर्धं उठणं धरायचं नाही!" ते दबक्या आवाजात म्हणाले.

"पाय, पाय," बापू कण्हले आणि बसले.

तिसरी धून संथ होती. रत्नाकरनं एक सूर लावला, सोडला आणि थांबला. श्रीरंगांच्या अंगावर काटा आला. हे तर दमेकऱ्याचं थांबणं! त्यांनी डोळे घट्ट मिटले. आणि मग तो सूर आला. खालून निघाला, चढत गेला, चढत गेला, आभाळाला लागला आणि तिथून लहरत खाली उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला.

"आहा!" श्रीरंग म्हणाले.

"आहा!" हॉल म्हणाला.

"कुठे तुटला का? सांगा, कुठे तुटला?" श्रीरंगांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इतकी वर्षं ते लोकांना सांगत होते, आणि आज लोकांना कळत होतं. सारा हॉल मान हलवत होता. आज बापूसुद्धा पाय विसरले होते. श्रीरंगांना वाटलं, आता रेडिओ गेला तरी चालेल. मग वाटलं, नको, जायला नको.

सूर पुष्कळ वेळ चढत-उतरत राहिला. मग जरा शांतता झाली. आणि शेवटी एक सरळ, न हलणारा, लांबच लांब सूर आला.

"बघा, शेवट कसा केला! एक वळसा नाही!" श्रीरंग म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडून टाळ्या वाजवल्या. साऱ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

मंचावर गिटार एकटीच पडली होती.

टाळ्या हळूहळू विरल्या. एवढ्यात मागच्या दारातून रत्नाकर आत आला. गुडघ्यांपर्यंत चिखल, केसांत गवत, हातात अजून ती पोलादी कांडी.

"तुम्ही लोक खंदकात काहून नाही आले?" तो थरथरत म्हणाला. "सायरन झाला ना! धोका टळल्याचा सरळ भोंगा होईस्तोवर एकटाच बसलो मी तिथं!"

फॅक्टरीच्या गावात भोंग्याचं कोणाला काय? पाळी सुरू झाली की भोंगा, सुटली की भोंगा, जेवणाचा भोंगा. कान त्याला दारात उभं करत नाहीत. त्यात आज तर न उठायची सक्त ताकीद होती.

श्रीरंगांनी बायकोकडे पाहिलं. विणकामामुळे तिचे डोळे उघडे होते.

"तुला दिसलं नाही, हा उठून गेला ते?"

"दिसलं ना."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हीच म्हणाले होते, मधे बोलायचं नाही. मला वाटलं, गिटारमध्ये असंच असते. दमेकरी नाही का थांबत मधेमधे?"

तोवर शालिग्राम खुर्चीवरून ताडकन उठले होते. "उठला! माणूस उठला! खुद्द वाजवणारा उठला! बोकारेजी, रेडिओ काढा!"

"अहो, तो ऐकणाऱ्यात थोडाच होता?"

"एक माणूस उठला, असं म्हणाले होते तुम्ही. रत्नाकर माणूस नाही का?"

रत्नाकर माणूस नाही असं म्हणणं कठीण होतं. हेमलताबाईंनी विणकाम पिशवीत टाकलं, तसे श्रीरंग जरा दूर सरकले.

तेवढ्यात पुढच्या दारात बूट वाजले. नागरी संरक्षणाचे साहेब आले होते. सायरन सरावाचा होता, आणि सराव कसा चाललाय ते बघत ते गल्लोगल्ली फिरत होते. साऱ्या वॉर्डात एवढा एकच हॉल त्यांना भरलेला सापडला होता.

"ये क्या तमाशा है? सायरन पर कोई हिला तक नहीं? वॉर्डन कौन है यहाँ का?"

साऱ्या हॉलनं शालिग्रामकडे पाहिलं. टोपी खुर्चीखाली घरंगळली होती. शिट्टी मात्र गळ्यातच होती.

"आपने सायरन नहीं सुना?"

शालिग्राम वाकून खुर्चीखालची टोपी चाचपू लागले. ऐकला म्हणावं तर शिट्टी का नाही वाजवली? नाही ऐकला म्हणावं तर वॉर्डन कसले? सायरन वाजत असताना मी कोण उठतो ते मोजत होतो, असं तर सांगताच येईना. वॉर्डनची टोपी कायमची चालली होती. त्यांनी केविलवाणं होऊन श्रीरंगांकडे पाहिलं, रत्नाकरकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"साहब, क्या बताऊँ," ते म्हणाले, "गिटार ऐसी बजी, ऐसी बजी, कि होश ही नहीं रहा।"

श्रीरंगांना आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"इतनी अच्छी?" साहेबांनी भुवई उचलली. "जरा हम भी सुनें।" आणि ते शालिग्रामच्याच खुर्चीवर बसले.

रत्नाकर चिखलाच्या पायांनी मंचावर चढला. आता शालिग्रामचा जीव टांगणीला लागला. गिटार वाईट निघाली तर साहेब त्यांना खोटारडे ठरवणार होते. पहिला सूर लागायच्या आत ते ओरडले, "आहा! क्या बात है!" बापू पायामुळे उठू लागले, तर शालिग्रामनं धावत जाऊन त्यांना दोन्ही खांदे धरून खाली दाबलं. "बसा हो बापू! कळत नाही का काही? कला आहे ही!"

रत्नाकरनं भीतीच्या भरात जे वाजवलं, ते खरोखरच सुंदर होतं. साहेबांची मान एकदा हलली. ती हललेली लक्षात येताच त्यांनी ती ताठ केली आणि उठून उभे राहिले.

"ख़तरनाक चीज़ है," ते म्हणाले. "दुश्मन सिर पर आ जाए तो भी लोग बैठे रहेंगे। जब तक लड़ाई चले, इस वॉर्ड में गिटार बंद!"

रत्नाकर मंचावरच रडू लागला. आजवर त्याला एवढी मोठी दाद कोणी दिली नव्हती. श्रीरंगांचीही छाती फुगली. पेटीला कोणी कधी धोकादायक म्हटलं होतं का?

शालिग्रामला आता रेडिओ मागायची सोय उरली नव्हती. गिटारपुढे भानच उरलं नाही, असं त्यांनी सरकारला भर हॉलात सांगितलं होतं. पण ते चिटणीस होते, वाट काढणारच. "साहब, रेडियो पर गिटार आ जाए तो?"

"वो भी बंद। आप ध्यान रखिए।"

त्या संध्याकाळपासून शालिग्राम टोपी घालून श्रीरंगांच्या खिडकीखाली उभे राहू लागले. गाण्यात गिटार आली की "आली! बंद करा!" असा पुकारा. पहिल्या दिवशी ते सतारीवरही ओरडले.

"ती सतार आहे हो!" श्रीरंग संतापून खिडकीत आले. "गिटार अशी असते का? सूर एका जागी बसत नाही, सरकत जातो, तो ऐका! आणि ओरडायचं तर बरोबर जागी ओरडा!"

ड्यूटी ती ड्यूटी. शालिग्राम ऐकू लागले. दुसऱ्या दिवसापासून सतार सुटली. पुढे थंडी वाढली म्हणून ते खिडकीखालून हलून आत, रेडिओजवळ बसू लागले. आणि का कोण जाणे, "बंद करा" हे त्यांचं ओरडणं रोज थोडं उशिरा येऊ लागलं. आधी पहिल्या सुराला यायचं, मग गिटार अर्धी झाल्यावर. शेवटी तर ती पार संपून गाणारा पुन्हा सुरू झाला, की ते हळूच म्हणत, "हं, बंद करा."

लढाई संपली. गावभर लाडू वाटले गेले, काचांवरचे काळे कागद निघाले, शालिग्रामनं टोपी आणि शिट्टी परत केली. त्या संध्याकाळी श्रीरंगांनी रेडिओ मोठ्यानं लावला. आता कोणाची बंदी नव्हती. तेवढ्यात दारात शालिग्राम उघड्या डोक्यानं उभे.

"आता काय?" श्रीरंगांनी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, तपासून घ्यावं जरा," शालिग्राम म्हणाले आणि नेहमीच्या जागी बसले.

हेमलताबाईंनी चहा ठेवला. गाणं लागलं, कडवं संपलं आणि गिटार आली. सुराआधी ती क्षणभर थांबली. श्रीरंगांचे डोळे मिटले.

"आहा! दमेकरी!"

"चांगला आहे," शालिग्राम डोळे न उघडता म्हणाले. "पण खरं सांगू का बोकारेजी, तुमच्या दमेकऱ्यापेक्षा मला तो घाईचाच जास्त आवडते."

श्रीरंग तडक उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"घाईचा? माझ्या घरात बसून, माझ्या दमेकऱ्यासमोर घाईचा? उठा! आत्ताच्या आत्ता उठा इथून!"

"श्श," शालिग्राम म्हणाले. "मधे बोलू नका."

ते काही उठले नाहीत.