गुप्त इंटरव्ह्यूचे एक्केचाळीस उमेदवार

तेजश्रीला इंदापूरच्या चांदणी दूध संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी लागली.

हे वाक्य वाचकांनी वाचलेलं नाही. केस चालू असताना निकाल फोडायचा नाही, असा बारामती तालुक्यातले पहिले, एकमेव आणि स्वतःच्या अंदाजाने आशिया खंडातले चौथे खाजगी गुप्तहेर दादासो कोकरे यांचा नियम होता. तेव्हा तेजश्रीला नोकरी लागलेली नाही. साल सत्त्याण्णव आहे, शनिवारची सकाळ आहे आणि ती जळोचीच्या पिठाच्या गिरणीत उभी आहे.

गिरणीत अशासाठी, की दादासोंचं गुप्त कार्यालय गिरणीच्या मागच्या खोलीत होतं. बाहेर पाटी होती: 'गुप्त कार्यालय. चपला बाहेर काढाव्यात.' दादासोंनी पोस्टाने गुप्तहेरीचा कोर्स केला होता आणि कोर्सबरोबर आलेलं भिंग ते झोपतानाही खिशात ठेवत. 'नजर घारीची, कान सशाचे, डोकं स्वतःचं' असं त्यांच्या कार्डावर छापलेलं होतं. नाव-पत्ता नव्हता. गुप्तता म्हणजे गुप्तता. शिवाय गिरणी सुरू झाली की दहा मिनिटांत अंगावर पीठ बसून वेषांतर फुकटात होई.

"दादासोभाऊ," तेजश्री म्हणाली, "परवा सोमवारी दहाला इंदापूरला माझा इंटरव्ह्यू आहे. जागा एकच. मी कुणालाच सांगितलं नाही."

"मग अडचण काय हाय?"

"मागच्या दोन वेळेलाही कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा गेले, तर गावातले अकरा जण आधीच बाकावर बसलेले. दुसऱ्यांदा तेवीस. ती जागा ज्या पोराला मिळाली, त्याला वाटेत पत्ता मीच सांगितला होता. आता वडील म्हणतात, ही शेवटची. नाहीतर एक तारखेपासून मामाच्या कापडदुकानात घड्या घालायच्या. माझी बातमी कोण फोडतंय, तेवढं शोधा."

दादासोंनी डोळे मिटले. "बायोडाटा कुठं टाईप केला?"

"बारामतीला, क्लासच्या कॉम्प्युटरवर."

"मिटलं. त्योच ऐकतोय."

"त्याला कान नसतात, भाऊ."

"म्हणून तर कुणाला संशय येत न्हाय."

दुपारी दादासोंनी चपला बाहेर काढून क्लासमध्ये प्रवेश केला. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. दादासोंनी वहीत लिहिलं: 'संशयित उलट प्रश्न विचारतो.' मग भिंगातून माउस तपासला, त्याच्या पोटातली गोळी काढली आणि पुरावा म्हणून पुडीत बांधून नेली. त्या दिवशी क्लासची बारा मुलं पडद्यावरचा बाण न हलवता कॉम्प्युटर शिकली.

संध्याकाळी दुसरा सिद्धांत आला. गावातल्या डॉक्टरांनी नुकताच बिनतारी रिसिव्हरचा फोन घेतला होता आणि त्यावरचं बोलणं शेजारच्या रेडिओत ऐकू येतं, अशी वदंता होती. तेजश्रीच्या घरी फोनच नव्हता, पण एवढ्याशा गोष्टीला दादासोंनी सिद्धांताच्या आड येऊ दिलं नाही. तासभर रेडिओला कान लावून त्यांनी कांद्यावरच्या करपा रोगाची सगळी माहिती टिपून घेतली.

"ह्यो करपा कोण?" त्यांनी तेजश्रीला विचारलं. "सगळ्या तालुक्यात पसरलाय म्हणं."

रविवारी सकाळी त्यांनी पोस्टमनला त्याच्या घरी गाठलं. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो, हे त्याने पहिल्याच प्रश्नाला कबूल केलं. दादासो त्याचा सविस्तर जबाब घेऊन गिरणीत परतले आणि तेजश्रीला वाचून दाखवू लागले, तेवढ्यात सारजाआत्या बाजरीचा डबा घेऊन आत आल्या.

"तेजा, घड्याळ पाच मिन्टं पुढं लावून दिलंय गं. दहाची येळ हाय ना, उगं उशीर नको."

तेजश्री हळूच म्हणाली, "कसली दहाची वेळ, आत्या?"

"इंदापूरची. दुधाच्या हापिसात. जागा एकच हाय म्हणं. आमच्या बिरूला पण धाडतीय."

दादासो ताडकन उठले. "आत्या, बाहेरच्या कोणत्या यंत्रणेशी तुमचा संबंध हाय?"

"हिच्या आईशी."

दादासो 'हिची आई' या नावाची परदेशी संघटना वहीत लिहीत होते. तेजश्री केव्हाच घराकडे निघाली होती.

घरात खाटेवर सारजाआत्यांचं घड्याळ, द्वारकाबाईंची पर्स, सुकन्याच्या चपला आणि छबूबाईंची फाईल मांडून ठेवलेली होती. लेक परगावी निघाली की आई चार घरं फिरून तिला नटवते. आणि जळोचीत उसनी वस्तू उंबरा ओलांडते ती एकाच प्रश्नाच्या बदल्यात: कशाला? उत्तर न देणं म्हणजे देणाऱ्या घराचा अपमान.

"आई, तू सांगितलंस सगळ्यांना?"

"मी कुणाला सांगतीय?" मालनबाई म्हणाल्या. "त्यांनी कशाला म्हणून इचारलं, तेवढंच सांगितलं. वर, कुणाला सांगू नका, हे पण सांगितलं."

दादासो धापा टाकत दारात आले. "घाबरू नका. तासाभरात बंदोबस्त करतो."

बंदोबस्त असा, की ते घरोघर गेले आणि प्रत्येकाकडून एका कागदावर सही घेतली. कागदावर होतं: 'सोमवारी सकाळी दहा वाजता इंदापूर येथील चांदणी दूध संस्थेत एका जागेसाठी मुलाखत आहे, हे मला माहीत नाही.' एकोणचाळीस सह्या झाल्या. त्यातल्या एकतीस जणांना तोवर ते खरंच माहीत नव्हतं.

सोमवारी एस.टी. भरून निघाली. एकोणचाळीस सहीवाले, तेजश्री आणि उमेदवाराच्या वेषात, खोट्या मिशा लावलेले दादासो.

"दादासोभाऊ, आत सरका की," कंडक्टर म्हणाला.

संस्थेचे साहेब रांग बघून दचकले. टेबलावर नवा कॉम्प्युटर होता, परवाच्या पूजेचा हार अजून गळ्यात. "एवढ्यांची यादी आता कोण करणार?"

रांगेतला प्रत्येक जण चपलेकडे बघू लागला.

"मी करते," तेजश्री म्हणाली. तिने हार काढला, बटण दाबलं आणि पहिल्याला समोर बसवलं. पहिला गेणू होता.

"नाव कळलं. जन्मतारीख?"

"दाखल्यावरची का?"

"खरी. आणि दहावीला किती वेळा बसलात? लग्न जमवताना शिक्षण किती सांगितलं होतं?"

"ह्ये कशाला?" गेणूने विचारलं.

"कॉम्प्युटरला लागतं."

"त्यो कुणाला सांगंल का?"

"आपण होऊन नाही. कुणी विचारलं तर सांगतो. विसरत मात्र नाही."

गेणूने मागे वळून पाहिलं. रांगेत त्याचा मेव्हणा होता.

"माझी परतीची गाडी हाय," तो म्हणाला आणि उठला. मेव्हणा त्याच्या आधी फाटकापाशी पोचला होता. गावभरचं सगळं जाणणाऱ्या लोकांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं, की कुणीतरी आपलं जाणून घेणं म्हणजे काय. कुणाचं डोकं दुखू लागलं, बिरूला उसाला पाणी द्यायचं आठवलं. साहेबांनी छापील फॉर्म उघडून पाहिला. त्यात फक्त नाव आणि गाव विचारलेलं होतं. साहेबांनी फॉर्म मिटला आणि चहा मागवला.

साडेअकराला खोलीत उमेदवार दोघंच उरले. दादासो कर्तव्यावर असल्यामुळे हलले नव्हते.

"पेशा?" तेजश्रीने विचारलं.

"गुप्त."

"सोडवलेल्या केसेस?"

दादासोंनी निसटलेली मिशी दाबून बसवली. "ते पण गुप्त."

तेजश्रीने शून्य दाबलं. प्रिंटरने कर्कश आवाज काढत यादी छापली, आणि साहेबांनी ती नियमाप्रमाणे फाटकावरच्या फलकावर डकवली. मग ते तेजश्रीला म्हणाले, "एक तारखेपासून या."

तेजश्री रुजू झाल्यावर चौथ्या दिवशी संस्थेत एक अर्ज आला. टपाल उघडायचं काम आता नव्या ऑपरेटरकडे होतं.

'प्रति, मा. अध्यक्ष, चांदणी दूध संस्था, इंदापूर. विषय: अर्जदाराचे शून्य खोडून मिळणेबाबत. महोदय, आपल्या फलकावरील यादीत माझ्या नावापुढे जे शून्य आहे, ते माझे अत्यंत खाजगी शून्य असून, येणारेजाणारे सर्वजण ते वाचत आहेत. तरी ते फलकावरून, कॉम्प्युटरमधून व वाचणाऱ्यांच्या डोक्यातून त्वरित काढून टाकावे. तसेच सदर अर्ज कॉम्प्युटरमध्ये नोंदवू नये, आणि तो नोंदवलेला नाही याची कॉम्प्युटरमध्ये कायमस्वरूपी नोंद घ्यावी, ही नम्र विनंती.'