मुलाणी डॉक्टर आणि प्लॅस्टिकची आत्या

डॉक्टर माणसावर मी काही लिहावं, एवढी माझी पायरी नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही विंझरसारख्या खेड्यातला. चुकलं तर वाचकांनी पोटात घालावं.

पुण्यातल्या आमच्या इस्पितळात एक प्लॅस्टिकचं धड आहे. त्याच्या तोंडातून दुर्बिणीची नळी घातली की पडद्यावर खऱ्यासारखं जठर दिसतं. नळी जोरात टोचली की धड कण्हतं. जिवंत माणसाला हात लावण्याआधी डॉक्टर यावर शिकतात. मी तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करतो, म्हणून यंत्र चालू करणं माझ्याकडे.

भोरचे सलीम मुलाणी डॉक्टर त्या धडाला आत्या म्हणतात. आधी तिच्यावर चादर पांघरतात. नळी तळहातात धरून उबवतात. "आत्या, घोट गिळल्यागत करा. घाबरू नगा, मी हाय." आत्या कण्हली की नळी पार बाहेर काढून माफी मागतात. तेवढ्यात वेळ संपते आणि पडद्यावर लाल अक्षरांत 'नापास' उमटतं.

"मुलाणी, आत्यांना जेवायलाही वाढा!" एक सहकारी ओरडले.

"तपासणी उपाशीपोटी असती. न्हाईतर वाढलंच असतं."

मी एकदा चाचरत म्हणालो, "सर, जरा भरभर केलं तर..."

"का रं? आत्याची एसटी चुकतीय?"

पण चहाच्या सुट्टीत ते खिडकीशी जाऊन भोरला फोन लावत. त्यांच्या अम्मींचं पोट कित्येक महिने दुखत होतं. "अम्मी, हितं आमचे मोठे सर करतील. ये की." पलीकडचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येई, "परक्याच्या हातनं न्हाई. तू शीक, मग तूच घाल नळी."

यंत्रावर पास झाल्याशिवाय खरा रुग्ण मिळत नव्हता. फोन ठेवून ते पुन्हा धडापाशी बसत. "तिकडं ती कळा सोसत बसलीय," म्हणत. तरी नळी सावकाशच सरके.

परवा आत्या एकदाही कण्हली नाही आणि ते वेळेत पास झाले. मोठे सर म्हणाले, "आणा अम्मींना. मी शेजारी उभा राहतो, नळी तुम्हीच धरा."

डॉक्टरांनी तिथूनच फोन लावला. उचलला बहिणीने. ऐकता ऐकता ते स्टुलावर बसले. फोन ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले,

"अम्मीची तपासणी मागच्याच आठवड्यात झाली. भोरातच, दुसऱ्या डॉक्टरकडनं. साधी जखम हाय, गोळ्यांनी भरंल. घरच्यांना म्हनली, सलीमला सांगू नगा, शिकणं टाकून पळत यील. पोराला शिकताना घाई व्हायला नको."