पुंडलिकराव वालावलकर यांची अवेळी वाहवा

श्रीशारदा व श्रीयंत्रराज उभयता प्रसन्न असोत. शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित् नाम संवत्सर, पौषमासी चित्रफितींच्या राज्यात जे वर्तमान घडले ते पाहिल्या-ऐकिल्याप्रमाणे लिहितो. पदरचे मीठ पडले असेल तर चवीपुरते पडले, वाचणारांनी गोड करून घ्यावे.

ते दिवशी सकाळी राज्याचे धनी श्रीमंत हणमंतराव सोहोनी नित्याप्रमाणे उठते जाहले, आणि चहा घेतला, आणि तळमजल्याच्या दोन खोल्यांचे कुलूप काढून देवास व यंत्रास एकाच उदबत्तीने ओवाळले, मग स्पिरिटात बुडवलेल्या सुती फडक्याने यंत्राचे हेड हलक्या हाताने पुसले, मग परत आलेल्या कॅसेटी एकेक उघडून पाहिल्या की कोणी मागे फिरवून दिली व कोणी पाहिली तशीच आणून टाकली. आणि तशीच टाकणारास 'याच्या घरची वीज जावो' इतका सौम्य शाप देऊन स्वतः फिरवीत बसले. राज्य म्हणावे तर इतकेच, मागे एक दिवाणखाना. परंतु त्यात सुभे तीन. पहिला सुभा मैफलींच्या चित्रपटांचा, दुसरा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या माहितीपटांचा, आणि तिसरा दूरदर्शनवर एकवार लागून बंद पडलेल्या मालिकांचा, की ज्या लोकांनी पाहिल्या थोड्या आणि भजिल्या फार. या तिसऱ्या सुभ्याचे सरनोबत दिगंबर खटावकर. त्यांच्या सेनेस मालिकांचे संवाद मुखोद्गत; पडद्यावरील पात्राने तोंड उघडावे तो सेनेने वाक्य पुरे करून बसावे, ऐसी त्यांची रीत.

राज्याचे मुख्य रत्न म्हणजे कैलासवासी मंजुळाबाईंच्या मैफलीचा चित्रपट. एका मांडवात, एका रात्री, एका हौशी गृहस्थाने उतरविला, आणि त्याची प्रत पृथ्वीवर हणमंतरावांपाशी तेवढी. दरसाल संक्रांतीनंतर दिवाणखान्यात तो चित्रपट लावावा, सर्व सुभ्यांनी जमावे, आणि पडद्यावरील मांडवात चहा फिरला म्हणजे इकडेही चहा फिरावा. मंजुळाबाई पडद्यावरून 'ती कनात सोडा हो, वारा बोचतो' बोलल्या म्हणजे इकडे कोणी उठून खिडकी लावावी, आणि त्यासाठी ती आधी मुद्दाम उघडून ठेवावी, ऐसा दंडक. मग पुढे तो प्रसंग यावा. बाई विलंबित ख्यालात समेकडे सावकाश येत असता, सम अद्याप दूर आहे तोच श्रोत्यांतून एक आवाज उठतो, 'वाहवा!' हा आवाज पुंडलिकराव वालावलकर यांचा. ते लाकडाच्या वखारीचे मालक, मनाचे मोकळे, तालाचे कच्चे. आरंभी लोक त्या जागी हसत असत. पुढे खटावकरांच्या सेनेची खोड पहिल्या सुभ्यातील गायनपक्षास लागली आणि पुंडलिकराव ओरडण्याच्या क्षणी अवघा दिवाणखाना त्यांच्यासह 'वाहवा!' ऐसा गर्जू लागला, मग लोळून हसू लागला. पुंडलिकराव हयात होते तोवर तेही हसत. ते निवर्तले, गर्जना राहिली. त्यांच्या पत्नी सगुणाबाई मात्र एके साली मधूनच उठून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत.

तो या साली राजधानीहून एका चकती काढणाऱ्या मंडळीचे पत्र आले की, चित्रपट द्यावा, आम्ही धुऊनपुसून नव्या चकतीवर चढवून घरोघर पोहोचवू. नको ते आवाज असल्यास कळवावे, काढून टाकू. हे ऐकून राज्यात दोन तट जाहले. गायनपक्षाचे म्होरके विश्वंभरशास्त्री बोलिले, "हणमंतराव, खोकले राहोत, पेल्यांचे आवाज राहोत. ती वाहवा काढा. बाईंच्या गळ्याखाली तो माणूस कायमचा लोंबकळू नये." खटावकर बोलिले, "शास्त्रीबुवा, वाहवा काढायची तर चकतीवर तुमचा फोटो छापा, म्हणजे कोणी घेणारच नाही!" शास्त्रीबुवा म्हणाले, "तुम्ही मालिकावाले. तुम्हांस पडदा म्हणजे शाळेची हजेरी, नाव निघाले की ओरडायचे." मग धन्यांनी दोघांस चहा पाजून वाटेस लाविले, आणि मनात विचार केला की, आवाज ज्याचा त्याच्या घरी विचारावे, आणि खासा स्वारी वखारीकडे चालती जाहली.

सगुणाबाई सागवानाच्या थप्प्यांत उभ्या राहून मजुरांकरवी फळ्या उलथवीत होत्या. हणमंतरावांनी हकीकत निवेदिली आणि म्हणाले, "वहिनी, यजमान आपले, हुकूम आपला." बाई बोलिल्या, "काढा." धनी म्हणाले, "लोक प्रेमाने हसतात, वहिनी." तेव्हा बाई फळीवरचा भुसा झटकून म्हणाल्या, "प्रेमानेच हसतात, मला का कळत नाही? पोळ्याला बैलाची शिंगेही प्रेमानेच रंगवतात. बैलाला कोणी विचारले? भाऊ, त्या साली मी जावयाच्या घरची माणसे घेऊन आले होते. म्हटले, हे दिसत नाहीत पण ऐकू तरी येतात, ऐकवावे. तो तुमची सगळी सभा ओरडली. विहीणबाईंनी मला विचारले, 'हा कोण विदूषक?' आता चकती निघून घरोघर जाणार. घरोघर हेच होणार." धनी इतकेच बोलिले की, "काढवितो, परंतु काढताना आपण समक्ष असावे." बाईंनी मान्य केले.

मग कॅसेट कापडात गुंडाळून धनी व सगुणाबाई राजधानीस गेले. तेथे रेहमानभाई तांबोळी नामे कारागीर, आवाज धुण्यात निष्णात. त्यांनी फीत उतरवून घेऊन, आवाज आपल्या एकट्याच्या कानी लावून, नव्या प्रतीतील वाहवा उभयतांसमक्ष पुसली. त्यांनी पडदा लाविला. मंजुळाबाई समेकडे येऊ लागल्या, वाहवेची जागा आली, आणि शांतता राहिली, आणि त्या शांततेत मंजुळाबाई श्रोत्यांकडे पाहून छान हसल्या, आणि सम सोडून देऊन, फिरून वळसा घेऊन, जिच्यासाठी हा चित्रपट लोक डोक्यावर घेतात ती तान घेत्या जाहल्या. सगुणाबाई म्हणाल्या, "थांबवा. ह्या कोणाकडे पाहून हसल्या?"

रेहमानभाई म्हणाले, "तुमच्या मालकांकडे, मावशी."

"ते तर काढले ना?"

"काढले. आता उगीच हसतात."

"मग हसू काढा."

"हसू काढले तर तानेचं तोंड जातं. हसता हसताच उचलली आहे त्यांनी. तिथं कापलं की तबला एकीकडे, बाई दुसरीकडे."

"मग तानही काढा!"

रेहमानभाईंनी धन्यांकडे पाहिले, धन्यांनी छताकडे. मग रेहमानभाई नम्रपणे बोलिले, "तान काढली तर मावशी, चकती कशाला काढायची?"

सगुणाबाईंनी पडद्याकडे बोट केले. मग म्हणाल्या, "पहिल्यासारखे ऐकवा. नुसते मला." तेव्हा रेहमानभाईंनी कानांवर लावायचे यंत्र त्यांस दिले, आणि न पुसलेली फीत लाविली. ती त्यांनी ऐकिली, आणि पुन्हा लावा म्हणाल्या, आणि पुन्हा ऐकिली, आणि कानांवरचे यंत्र उतरवून विस्मयाने बोलिल्या, "भाऊ, केवढासा हा आवाज! मला वाटे, गर्जले असतील. तुमच्या दिवाणखान्यात दरसाल माणसे ऐकली मी, हे कधी ऐकूच आले नाहीत." धनी म्हणाले, "आम्हांसही नाही, वहिनी. आम्ही आपले ओरडण्यात." बाई म्हणाल्या, "यांना सम कधीच कळली नाही. पण थांबणेही जमत नसे. जेवतानाही पहिला घास तोंडात जाण्याआधी वाहवा. मी म्हणे, आधी चाखा तरी." मग डोळे पुसून, आवाज नेहमीचा करून, वखारीत मजुरांस सांगावे तैसे सांगत्या जाहल्या, "राहू द्या आहे तसे. घरोघर जावो, हसोत. मात्र तुमच्या दिवाणखान्यात त्या जागी ओरडायचे ते त्यांनी एकट्यांनी. हे होणार असेल तर मी येईन." धनी म्हणाले, "होईल." आणि परतीच्या सबंध वाटेत, कैसे होईल, याचा विचार करीत बसले, कारण की सेनेस शब्द कळत, हुकूम कळत नसे.

परत येताच धन्यांनी खटावकरांस एकांती बोलावून सर्व सांगितले. खटावकर विनोदी पुरुष, परंतु ऐकून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "विहीणबाई विदूषक म्हणाल्या? आम्ही त्यांस आपला माणूस म्हणून ओरडत होतो हो." मग म्हणाले, "माझी माणसे सांगून गप्प बसणार नाहीत. तोंड उघडे दिसले की वाक्य निघते. माझ्यावर सोडा."

मग चित्रपटाचा दिवस आला. सगुणाबाई आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. चहा फिरला, खिडकी लागली, मंजुळाबाई समेकडे निघाल्या. ते समयी खटावकर उठले, आणि पुढे काहीएक न बोलता तिळगुळाचे थोरले लाडू घेऊन रांगेरांगेने फिरले, आणि प्रत्येकाच्या तोंडात एकेक लाडू स्वहस्ते कोंबला. लाडू पाकाचे, कडक, दाताखाली फुटेनात. शास्त्रीबुवा 'मला दाढ दुखते' म्हणू लागले, त्यांच्याही मुखी घातला. आणि अखेरचा आपल्या तोंडात भरून सरनोबत जागेवर बसले, तो जागा आली. तेव्हा पडद्यावरील मांडवातून, मागच्या बाजूने, एक बारीक, खूश आवाज एकटाच आला, "वाहवा!" मंजुळाबाई त्याकडे पाहून हसल्या, आणि तान निघाली. सगुणाबाईंनी मागे वळून पाहिले, तो अवघी सेना गाल फुगवून, डोळे वटारून, निमूट बसलेली. मग त्या पुढे वळल्या आणि तान ऐकू लागल्या.

येणेप्रमाणे वाहवेचा प्रसंग जाहला. चकती फाल्गुनात निघाली, वाहवा तीत आहे. शास्त्रीबुवांनी एक विकत घेतली. त्या जागी राज्यात पुढे कोणी ओरडले नाही, आणि लाडूही लागले नाहीत. हे लिहिणाराने दिवाणखान्यात बसून पाहिले. राजधानीतील वृत्त धन्यांच्या मुखे ऐकिले. इति.