विलीमामाचं बनियन

"एक फोटो! एका फोटोत इंजिन आणते की नाही बघा!"

लितिआनाने हे भर गावसभेत, यंगोना पेयाच्या वाडग्यासमोर ठणकावून सांगितलं. राजधानीत, सुवाला, एका मदतसंस्थेचं प्रशिक्षण घेऊन आली होती ना! फोनवरून जगाकडे मदत कशी मागायची, ते संस्थेच्या सिडनीच्या पास्कोसाहेबांनी शिकवलं होतं. गर्दी दाखवू नका. एकच चेहरा, एकच दुःख. बघणाऱ्याचा हात आपोआप खिशात गेला पाहिजे!

दुःखाला बेटावर तोटा नव्हता. दवाखान्याच्या होडीचं इंजिन मेलेलं. होडी वाळूत पालथी, वर कोंबड्या बसलेल्या. मागच्या वर्षी गावातली सालोमे त्या होडीशेजारीच कळा देत गेली, पोटातल्या जिवासकट. आणि आता लितिआनाच्या बहिणीचे, आरिएताचे, दिवस भरत आले होते.

पण गावाने एवढंच ऐकलं की फोटो काढणार! दुसऱ्या दिवशी झाडून सगळे खोबरेल चोपडून, रविवारचे कपडे चढवून, गळ्यात हार घालून हजर. कुणीतरी डुक्करही भाजायला टाकलं. चार लोक बघणार म्हटल्यावर फाटक्या कपड्यांत कोण उभं राहील?

"अरे, जरा दुःखी व्हा की!" लितिआना ओरडली.

"का गं, कोण मेलं?" लुसियाना आजीने विचारलं, आणि अख्खं गाव खदखदून हसलं. नेमका तोच फोटो निघाला!

संस्थेने तो जगाला दाखवला, तर खाली सिडनीकरांनी लिहिलं, 'किती सुखी माणसं! इथं राहायला खोली केवढ्याला पडते?'

पास्कोचा फोन आला. "अगं, ही वऱ्हाडी मंडळी कशाला पाठवलीस? रडका चेहरा पाठव!"

रडका चेहरा गावात एकच होता. विलीमामा, त्या पालथ्या होडीचा तांडेल. त्याची दाढ ठणकत होती आणि दातांचा डॉक्टर समुद्रापलीकडे. भोकाभोकाचं बनियन घालून, गाल धरून मामा होडीला टेकला होता. लितिआनाने गुपचूप टिपला. 'होडी नाही. आशा नाही,' असं पास्कोने वर डकवलं.

फोटो वणव्यासारखा पसरला. पसरत पसरत ब्रिस्बेनला मामाच्या लेकीपर्यंत पोचला.

"लितिआना! माझ्या बापाला भिकारी केलंस?"

"सेरा, अगं, ते इंजिनासाठी..."

"इंजिन गेलं खड्ड्यात! चर्चमध्ये बायका मला जुने मोजे आणून देतायत! आम्ही काय बापाला उपाशी मारतो?"

झालं! ब्रिस्बेन, ऑकलंड, जिथे जिथे नातलग होते तिथून अब्रू धुवायला खोकी निघाली. गाद्या आल्या, ब्लँकेटं आली, डबाबंद मांस आलं, पाव भाजायचं यंत्र आलं. बेटावर ना वीज, ना पाव! लितिआनाला बेटाच्या रिवाजाप्रमाणे व्हेलचा दात पुढे ठेवून मामाची माफी मागावी लागली.

"चुकलं, मामा."

"ते राहू दे. दाढेचं औषध पाठवलंय का कुणी?"

कुणीच नाही.

"संस्थेकडे आलेल्या पैशांचं काय झालं?" लितिआनाने पास्कोला फोनवर विचारलं.

"भरपूर आले! पुढच्या मोहिमेत घातले."

"कसली मोहीम?"

"तुमच्या होडीचीच!"

आमचं रडणं विकायचं आणि त्या पैशात आणखी रडणं विकत घ्यायचं! ह्याला म्हणे समाजसेवा!

मग पास्को स्वतःच आला, भाड्याच्या होडीतून. कॅमेऱ्याच्या पेट्या घेऊन आणि जड काचेचं बक्षीस घेऊन. 'सर्वांत हृदयस्पर्शी फोटो'! ते त्याला मामाच्या हातात, पालथ्या होडीपुढे द्यायचं होतं. मामा अर्थातच कडक इस्त्रीच्या शर्टात, हार घालून आला.

"बनियन कुठंय?" पास्को किंचाळला.

तेवढ्यात आरिएताला चटईवर घालून बायका धावत आल्या. नर्स पुढे. "साहेब, मूल आडवं आलंय! होडी द्या!"

"पण माझं विमान... आणि ह्या पेट्या भिजल्या तर? आधी बक्षीस तर उरकू!"

मामा सरळ भाड्याच्या होडीत चढला. त्याने एकेक पेटी उचलून वाळूत ठेवली. बक्षीसही ठेवलं. होडीत ब्रिस्बेनची ब्लँकेटं अंथरली, आरिएताला निजवलं, नर्सला बसवलं आणि गळ्यातल्या हारासकट सुकाणू धरलं. समुद्र खवळलेला होता. किनाऱ्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सालोमे.

(मुलगी झाली. दोघी वाचल्या. ह्यात संस्थेचा काडीचा हात नाही, आणि दवाखान्याची होडी अजून पालथीच आहे!)

पास्को त्याच होडीला टेकून बसला. बक्षिसावर कोंबडी चढली होती.

"आता मी जायचं कसं?" त्याने गालाला हात लावला.

एकच चेहरा. एकच दुःख. लितिआनाने फोन काढला, जरा निरखलं आणि म्हणाली, "साहेब, शर्ट काढता का? बनियनमध्ये बरं दिसतं."