मुद्देमाल : कोंबडा, नग एक

गावंडे जमादार पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा बायकोनं पुढ्यात ठेवलेल्या पोह्यांकडे त्यानं बराच वेळ टक लावून पाहिलं आणि पुटपुटला, "पोहे, बशी एक. रंग पिवळा. वर शेंगदाणे, नग नऊ. कढीपत्ता, करपलेल्या स्थितीत." मग खाल्ले. बायकोला वाटलं थट्टा करतोय. थट्टा कसली! माणसाला खोडच ती. दिसेल त्याचा पंचनामा करायचा.

मी तहसीलमधून निवृत्त झालेला बाबू. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात घर बांधलं ते नेमकं पोलीस चौकीच्या भिंतीला लागून, ही माझी अक्कल. चौकीच्या दुसऱ्या अंगाला रशीद मिस्त्रीचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. पंचनाम्याला पंच लागतात दोन, आणि गावंडेला लांब जायचा कंटाळा. त्यामुळे गावात कुठं खुट्ट झालं की कुंपणावरून हाक यायची, "बाबूजी, चाला! मिस्त्री, पाना ठेव खाली!" अख्ख्या नोकरीत केल्या नसतील इतक्या सह्या मी तीन वर्षांत केल्या.

आणि त्यातून निघालं काय? कप्पाळ! देवळासमोरून चपला गेल्या, तर या शहाण्यानं चपला नसलेल्या जागेची लांबी-रुंदी टेपानं मोजली. फटफट वाजणारी बुलेट घेऊन एक पोरगं गावभर उंडारायचं. त्याला धरलं, तर म्हणे, "पुन्हा वाजव, मी लिहून राह्यलो." चार वेळा वाजवून घेतली. आधी एकच गल्ली वैतागली होती, आता चारही गल्ल्या वैतागल्या.

सरपंचाच्या विहिरीवरची केबल चोरीला गेली, त्या दिवशी तर कमाल झाली. उरलेल्या तुकड्याचं वर्णन दीड पान. गर्दीतल्या एका माणसाला टेपाचं दुसरं टोक धरायला लावलं. आठवड्यानं दुसऱ्याच ठाण्याच्या लोकांनी केबलचोर पकडला, तर तो हाच टेपवाला! मी म्हटलं, "गावंडे, लाज वाटते का काही?" तर शांतपणे म्हणतो, "टेप त्यानं बराबर धरला होता बाबूजी. मोजमापात चूक नाही."

संक्रांतीनंतर नाल्याच्या काठी चोरून कोंबडबाजार भरतो. कोंबड्यांच्या पायाला काती, म्हणजे बारीक सुरी, बांधतात आणि झुंज लावून जुगार खेळतात. गावंडेनं धाड घातली. घातली म्हणजे काय, अर्ध्या कोसावरून शिट्टी फुंकत गेला. पन्नास माणसं होती म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा एकही नव्हता. जागेवर उरला होता एकटा तांबडा कोंबडा, आणि तोही मांडीला कातीचा घाव बसून पळता येत नव्हतं म्हणून. गावंडेनं लिहिलं, "मुद्देमाल : कोंबडा, नग एक, जिवंत, जखमी." मी सही केली.

कोर्टाचा हुकूम येईपर्यंत मुद्देमाल सांभाळायची जबाबदारी चौकीची. म्हणजे कोंबडा बांधला माझ्या खिडकीखाली. घाव भरला तसा त्याला कंठ फुटला. सकाळ नाही, दुपार नाही, जीप आली की ओरड, बस आली की ओरड. मी भडकलो. "गावंडे, हा उपद्रव आहे."

"लेखी द्या."

दिलं. तक्रारदाराला पंच होता येत नाही म्हणून त्यानं माझ्याच बायकोला पंच केलं. दोन्ही पंचांनी भिंतीशी उभं राहून कोंबड्याचं आरवणं समक्ष ऐकलं, खरं असल्याची खात्री केली आणि सह्या ठोकल्या. पुढं काही नाही. मुद्देमालावर गुन्हा दाखल करता येत नाही म्हणे!

कोंबड्याची बडदास्त मात्र अशी, की जावयाची नसेल. घावाला हळद-तेल, खायला ज्वारी, उन्हाळ्यात वर ओलं पोतं. मला वाटायचं, मेला तर चौकशी लागेल म्हणून हा जपतोय.

सहा महिन्यांनी हुकूम आला. बाजाराच्या दिवशी जाहीर लिलाव. ढाब्यावरचा मारोती गावभर सांगत सुटला, "झुंजीचा कोंबडा हाय, रस्सा असा होते का बस!"

आदल्या दिवशी गावंडे माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबूजी, उद्या तुमी बोली बोला. पैसे माह्याकडून घ्या."

"मी? अरे, आमच्या घरात अंडं शिजत नाही!"

"म्हणूनच म्हणून राह्यलो. लिलाव करणारा मी, मले बोलता येत नाही. मारोती कापते त्याले."

"कापू दे की. कोंबडाच तर आहे."

तो उंबऱ्यावरच बसला. मग म्हणाला, "माही घरवाली मंगला जाऊन चार वर्षं झाले. पोरगी पुण्याले. खोलीवर जातो त कोणी नाही. याच्याशी बोललं त मान वाकडी करून आयकते. तुमी हसान."

हसणारच होतो. पण स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं असं काही बघितलं, की मी मुकाट्यानं नोटा घेतल्या.

लिलावात मारोती हटेना. मी बोलावं, की यानं त्यावर बोलावं. गावंडेनं दिलेल्या नोटा कधीच मागे पडल्या, मी माझ्या खिशातून बोलत होतो. गावंडे वहीत डोकं खुपसून उभा. शेवटी रशीद मिस्त्री दुकानातूनच ओरडला, "मारोतीभाऊ, अगले हप्ते तुमची गाडी कोनाकडे नेता?" मारोतीनं बोली सोडली. "एक बार, दोन बार," गावंडे म्हणाला, आणि तिसऱ्याच्या आधीच वहीत माझं नाव लिहून मोकळा झाला.

लिलावातला माल पोलिसाच्या खोलीवर दिसला तर बोंब व्हायची. म्हणून कोंबडा आला माझ्या अंगणात आणि त्याच्यामागून रोज संध्याकाळी गावंडे. आठवडा गेला, महिना गेला, माणूस काही टळेना. परवा मी ठरवूनच बाहेर पडलो. म्हटलं आता सांगावंच, बाबा रे, हे घर आहे, चौकी नाही.

तो कुंपणाशी उकिडवा बसून हळू आवाजात बोलत होता. "आज वांगे केलते. तुयासारखे नाही जमले. मीठ जास्त पडलं. पोरीचा फोन नाही आला, कामात असन. तू नको फिकर करू."

कोंबड्यानं कधी वांगी केली? मला समजायला क्षणभर लागला. मंगलाबाईंना मी एकदाही पाहिलं नव्हतं. तीन वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि हा माणूस जेवतो कुठं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आत जाऊन बायकोला ताट वाढायला सांगितलं आणि दारातून हाक मारली, "गावंडे, हात धू. जेवायला ये."

तो दचकून उठला. "कोन, मी?"

"नाही, कोंबडा!" मी खेकसलो.